कौलं चाळायची, धुवायची नव्हेत

एप्रिल सरत आला की दिघीच्या खाडीकाठी छपरांवर माणसं दिसू लागतात. आंबे उतरवायचे असतात, लग्नं आटपायची असतात, होड्या वर ओढायच्या असतात आणि या सगळ्यातून वेळ काढून कौलंही चाळायची असतात. मिरग कुणासाठी थांबत नाही. अलीकडे या कामात एक नवी टूम आली आहे. यंत्राच्या जोरदार फवाऱ्याने कौलं धुवायची आणि वर लाल रंगाचे दोन हात द्यायचे. पर्यटकांसाठी घर ठेवणाऱ्यांना तर याचा मोह जास्तच. छप्पर फोटोत झकास दिसतं. पण कौलारू छप्पर पाणी कसं अडवतं हे एकदा समजून घेतलं, तर या धुण्या-रंगवण्यावर पैसे घालवावेसे वाटणार नाहीत.

आधी पाण्याचा हिशेब. रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे १०० चौरस मीटरचं छप्पर एका पावसाळ्यात ३ लाख लिटर पाणी अंगावर घेतं. आणि हे छप्पर घट्ट म्हणाल तर मुळीच नाही. कौलं रिपांवर नुसती टेकवलेली असतात. भर दुपारी माळ्यावर गेलात तर ठिकठिकाणी उजेडाचे कवडसे दिसतात. उजेड येतो, वारा येतो, पाणी मात्र येत नाही.

एक मंगळुरी कौल हातात घ्या. वरच्या कडेला मागच्या बाजूने दोन खुट्या असतात, त्या रिपेला अडकतात. एका लांब कडेवर खोल खाचा, दुसऱ्या कडेवर त्यांत बसणारे उंचवटे. शिवाय कारखान्याचं नाव मातीतच ठसवलेलं. ही एकात एक अडकणारी रचना मूळची अल्सास प्रांतातली. आल्टकिर्शच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली तिचं पेटंट घेतलं. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी ती मंगळुरात आणली आणि १८६५ मध्ये मिशनचा कारखाना सुरू झाला. तिथून गलबतांत भरून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि कुंभाराच्या हातच्या नळ्यांची जागा हळूहळू त्यांनी घेतली.

त्या खाचा नक्षीसाठी नाहीत. पाणी उतारावरून खाली येतं, हे ठीक. पण अरुंद फटीत ते वरही चढतं. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये एक मिलिमीटरची फट असेल, तर पृष्ठताणामुळे पाणी सुमारे १५ मिलिमीटर उंच चढतं. छपराचा उतार ३० अंशांचा असेल तर उतारावरून मोजलेलं हेच अंतर दुप्पट होतं, ३० मिलिमीटर. फट अर्ध्या मिलिमीटरची झाली की ६०. त्यात ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर त्याचा दाब पाण्याला उतारावर आणखी १५ मिलिमीटर वर ढकलतो. आणि एक कौल दुसऱ्यावर चढतं ते जेमतेम ८० ते ९० मिलिमीटर. इथे खाच कामाला येते. चढणारं पाणी खाचेपाशी आलं की फट एकदम रुंद होते, पृष्ठताणाची पकड सुटते आणि पाणी खाचेतून खाली वाहून जातं.

आता त्या खाचेत वर्षभराचा पातेरा, धूळ, सुरूच्या सुया आणि उंदरांनी आणून टाकलेली काडी साचली तर काय होईल? रुंद जागा अरुंद होते. ओला कचरा दिव्याच्या वातीसारखा पाणी ओढतो आणि थेट रिपेवर नेऊन सोडतो. कौल फुटलेलं नाही, सरकलेलं नाही, तरी गळती सुरू! पुष्कळ गळतींचं मूळ हेच असतं, आणि वरून सिमेंट थापून ती थांबत नाही. उलट सिमेंटने पाणी बाहेर पडायची वाटही बुजते. चाळणं म्हणजे कौल उचलून, खाच कोरडी झाडून, पुन्हा नीट बसवणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

राहिला काळेपणाचा प्रश्न. कौलांवरचा काळा थर बव्हंशी नीलहरित जिवाणूंचा असतो. कडक उन्हापासून बचाव म्हणून ते स्वतःभोवती गडद रंगद्रव्य तयार करतात, त्यामुळे छप्पर काजळल्यासारखं दिसतं. हे जीव माती खात नाहीत. ते राहिले तर बिघडत नाही. शेवाळाची हिरवी गादी मात्र काढायलाच हवी: ती पाणी धरून ठेवते, कौलाची कड उचलते आणि सुटली की पन्हळीत जाऊन बसते. मे महिन्यात ती वाळून सुटी होते, तेव्हा लाकडी पट्टीने आणि हिराच्या खराट्याने, वरून खाली, कोरडीच काढावी. ब्लीचिंगचं पाणी ओतू नये. वळचणीखाली पोफळी असतात, जवळच विहीर असते, आणि ते पाणी सुकल्यावर मागे क्षारच उरतात.

क्षारांची तर इथे आधीच रेलचेल. समुद्रावरचा खारा तुषार कौलाच्या छिद्रांत शिरतो, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दाब देतात. कच्च्या भाजणीच्या कौलाचे त्यामुळे पापुद्रे निघतात. बोटाच्या पेराने वाजवून पाहा: पक्कं कौल खणखणतं, तडकलेलं किंवा कच्चं बद्द वाजतं. जोरदार फवारा भाजलेला वरचा टणक थर खरवडतो, आणि खालून वर मारला तर पाणी सांध्यांतून सरळ माळ्यावर जातं. रंगाचं दुखणं वेगळं. कौल खालून आणि कडांनी ओल पीतच राहतं. वरून मात्र रंगाच्या पापुद्र्याने तिची बाहेर जायची वाट अडते. दोन-तीन पावसाळ्यांत रंग फुगतो आणि निघताना मातीही घेऊन निघतो.

या ओल पिण्याचा फायदाही आहे. १०० चौरस मीटरच्या छपरावर साधारण ४ टन कौलं असतात. वजनाच्या दहा टक्के पाणी ती प्यायली, तर झालं ४०० लिटर. एवढं पाणी उडून जाताना अडीचशेहून जास्त युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. पावसाच्या दोन सरींमध्ये ऊन पडलं की पत्र्याखाली घामाघूम व्हायला होतं आणि कौलाखाली होत नाही, त्याला हेही एक कारण आहे.

पण सैल छपराची किंमत ३ जून २०२० रोजी चुकवावी लागली. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. वाऱ्याच्या दाबाचं सूत्र सोपं आहे: मीटर-सेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे ५६० न्यूटन, म्हणजे ५७ किलो वजनाएवढा दाब. आढ्याजवळ आणि कडांना हाच दाब शोषण होऊन कौलांना वर ओढतो. चौरस मीटरला १५ कौलं, प्रत्येकी अडीच-तीन किलोची. बेरीज साधारण ३८ ते ४५ किलो. वजनाने हरायचं ते गणितातच ठरलेलं होतं. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं, तर आतूनही दाब चढतो. पावसाळा तोंडावर असल्याने मग अनेकांनी मिळेल तो पत्रा चढवला.

यावर उपाय सगळं छप्पर सिमेंटने जखडणं हा नव्हे. वासे-रिपा ओलीने फुगतात, उन्हाने आकसतात. सिमेंट हलत नाही, मग कौल तडकतं. बांधायच्या त्या कडा: वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंची टोकं आणि आढ्याला लागून असलेली ओळ. तार स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची घ्यावी. साधी तार खाऱ्या हवेत लवकर गंजते. मधलं पाखं सैल राहिलं तरी चालतं. फटींतून हवा आरपार जात असल्याने आतला-बाहेरचा दाब तिथे बराचसा जुळून जातो.

छपरावर चालायचं तर अनवाणी, आणि पाऊल जिथे एक कौल दुसऱ्यावर चढतं तिथेच. खाली रीप असते. कौलाच्या मध्यावर पाय पडला की कौल गेलंच. (वानरांना हा नियम कुणी शिकवावा, यावर विज्ञानाकडेही उत्तर नाही.) फुटलेल्याच्या जागी त्याच ठशाचं कौल घ्यावं. दोन कारखान्यांच्या साच्यांत थोडा जरी फरक असला तरी खाच आणि उंचवटा जुळत नाहीत. मंगळुरातले बरेच जुने कारखाने बंद झाले आहेत, म्हणून शेजारचं जुनं घर उतरवत असतील तेव्हा शे-दीडशे कौलं मागून घ्यावीत आणि पडवीच्या भिंतीशी उभी लावून ठेवावीत.

गळकं कौल शोधताना थेंब पडतो त्याच्या नेमकं वर पाहू नये. पाणी वाशावरून हात-दोन हात घसरत येतं आणि मग टपकतं. पहिल्या जोरदार सरीत माळ्यावर विजेरी घेऊन जावं, ओला वासा वरपर्यंत पाहत जावं आणि ओल सुरू होते तिथे खडूने खूण करावी. उघडीप मिळाली की त्या खुणेच्या वरचं कौल आधी उचलावं आणि खाच तपासावी.