मारियानोचा कटर

बेसबॉलमधला ‘सेव्ह’ कुणाच्या खात्यावर कसा जमा होतो, ते आज सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सोलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ते विचारतात, पिचर मारियानो रिवेरा बहुतेक वेळा एकच चेंडू टाकणार हे अख्ख्या अमेरिकेला ठाऊक होतं, मग बॅटर त्याला झोडपून का काढत नव्हते?

तो चेंडू म्हणजे कटर. आपल्या क्रिकेटमधला लेग कटर टप्पा पडल्यावर वळतो. इथे टप्पाच नाही. चेंडू हवेतच वळतो, तोही पार शेवटी. रिवेराची बोटं शिवणीवर फास्टबॉलसारखीच असत. पकड जराशी मधोमध नसे आणि चेंडू सोडताना मधल्या बोटाचा दाब जास्त, एवढाच फरक. त्यामुळे बॅटरला दिसायचा तो साधा वेगवान चेंडू. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासचा हा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो, आणि बॅट फिरवायची की नाही हे त्याच्याही आधी ठरवावं लागतं. ते ठरवून झाल्यावर चेंडू काही इंच सरकला, की डावखुऱ्याच्या अंगात शिरतो आणि बॅटच्या जाड भागाऐवजी मुठीजवळच्या बारीक दांड्यावर आदळतो. ओळखून उपयोग काय? हात तोवर फिरलेले असतात.

1999च्या वर्ल्ड सिरीजमध्ये या कटरने अटलांटाच्या रायन क्लेस्कोच्या एकाच खेळीत तीन बॅटी मोडल्या. त्याचाच सहकारी चिपर जोन्स डगआउटमध्ये बसून हसत होता. 2013 साली, निवृत्तीच्या वर्षी, मिनेसोटा संघाने रिवेराला मोडक्या बॅटींची डुलती खुर्चीच भेट दिली.

गंमत म्हणजे हा चेंडू त्याने शोधला नाही. जून 1997 मध्ये तो सहकारी रामिरो मेंडोझाबरोबर नुसती फेकाफेकी करत होता. चेंडू आयत्या वेळी सरकतोय म्हणून मेंडोझा वैतागला. आपण वेगळं काही करत नाही, असं रिवेरा सांगत राहिला. प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर यांच्या मदतीने त्याने तो सरळ करायचाही प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा नाद सोडला. पुढे सारी कारकीर्द तो याला देवाची देणगी म्हणत आला.

2001च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना तो हरला, तोही याच चेंडूवर. ॲरिझोनाचा लुईस गोन्झालेझ डावखुरा. कटर त्याच्या अंगात शिरला, बारीक दांड्यावर बसला आणि हळूच वर उडाला. तिसऱ्या बेसवरची धाव रोखायची म्हणून इनफिल्डर पुढे सरकले होते. नेहमीच्या जागी उभा असता तर त्यांच्यातल्या डेरेक जीटरने तो झेल आरामात घेतला असता. चेंडू त्याच्या डोक्यावरून जेमतेम पलीकडे पडला आणि विजेतेपद गेलं. माझ्या लेखी तो रिवेराने टाकलेला उत्तम चेंडूच होता.

सेव्हचा नियम पुढच्या आठवड्यात नक्की. रिवेराच्या सेव्हचा 652 हा आकडा तोवर लक्षात ठेवा.