जुन्या ध्वनिमुद्रिका आणि संगणकाची जोडणी

बडोदे संस्थानचे दरबारगायक उस्ताद फैयाजखाँ १९५० मध्ये निवर्तले. त्यांच्या गायनाचा मोठा ठेवा मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे वाजणाऱ्या तबकड्यांत आहे. प्रत्येक वादनागणिक तबकडी झिजते. म्हणून तिचे अंकीकरण एकदाच, परंतु काळजीपूर्वक व्हावयास हवे.

सुईपासून अंकरूपांतरकापर्यंत ध्वनी तरंगरूप विद्युत्-संकेत म्हणून वाहतो. खरा धोका येथेच असतो. सदोष अर्थिंगमुळे उठणारी ५० हर्ट्‌झची घुरघुर आणि संगणकाच्या पेटीतील विद्युत्-गोंगाट याच टप्प्यात शिरतो व स्वरांसोबत नोंदला जातो. यास्तव रूपांतरक पेटीबाहेरचा असावा आणि सर्व उपकरणांना वीज एकाच ठिकाणाहून द्यावी. नमुने सेकंदास ९६,००० व प्रत्येकी २४ बिटांचे घेणे इष्ट.

पुढचा प्रवास केवळ अंकांचा. सुस्थितीतील साधी यूएसबी केबलही ते जसेच्या तसे पोहोचविते. त्यात बिघाड झाल्यास आवाज तुटतो वा खटके येतात. महाग केबलीने स्वर अधिक गोड होतो, हा विक्रेत्यांचा दावा होय. तो पैसा सुईवर खर्च करावा. या तबकड्यांची खाच दीर्घवादी तबकडीच्या खाचेहून बरीच रुंद असते. बारीक सुई तिच्या तळाशी घासत राहते आणि गायनापेक्षा खरखरच अधिक उचलते.