तेल-संग्राहक, मोटारगाडीच्या एंजिनाचा

तेल-संग्राहक, मोटारगाडीच्या एंजिनाचा : एंजिनाच्या क्रँककेसमधून बाहेर पडणाऱ्या वायूंबरोबर वाहत येणारे वंगण तेल, पाणी व न जळालेले इंधन वायूंपासून वेगळे करून साठविणारे लहान पात्र. मोटार-व्यवसायात ते ‘ऑइल कॅच कॅन’ किंवा ‘कॅच टँक’ या नावांनी ओळखले जाते. दीर्घकाळ उच्च वेगाने व पूर्ण भाराखाली चालणाऱ्या क्रीडा-मोटारींच्या एंजिनांवर ते विशेषेकरून बसवितात. शर्यतीच्या अनेक प्रकारांत ते नियमाने आवश्यकही असते. दिसायला साधे असले, तरी हे पात्र एंजिनाच्या श्वसनमार्गात बसत असल्यामुळे त्याची जोडणी चुकल्यास मूळ दोषापेक्षा मोठी हानी संभवते.

वायुगळती : सिलिंडरात दट्ट्यावरील (पिस्टनवरील) कडी सिलिंडराच्या भित्तीशी घट्ट बसलेली असली, तरी ती पूर्णतः वायुरोधी नसतात. संपीडनाच्या व शक्तीच्या धावेत सिलिंडरातील वायूचा अल्प अंश कड्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये झिरपतो. या गळतीच्या वायूत हवा व इंधन यांचे न जळालेले मिश्रण, ज्वलनातून निर्माण झालेले वायू आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळाले असता सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक पाणी वाफेच्या रूपाने निष्कास नळीतून जाते. परंतु काही भाग क्रँककेसमध्ये पोहोचतो. तेथे वेगाने फिरणाऱ्या भुजादंडामुळे तेलाचे सूक्ष्म तुषार उडत असतात व ते या वायूत मिसळतात. वायूला वाट न मिळाल्यास क्रँककेसमधील दाब वाढून भुजादंडाच्या टोकांवरील तेलरोधक कडी (ऑइल सील) व इतर सांधे गळू लागतात. तेल मोजण्याची पट्टी तिच्या नळीतून वर ढकलली जाते आणि दट्ट्यावरील कड्यांचे कार्यही बिघडते. म्हणून प्रत्येक एंजिनाला वायुविजनाचा मार्ग द्यावाच लागतो.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारगाड्यांत हे वायू एका उघड्या नळीवाटे गाडीच्या खाली सोडून दिले जात. चालत्या गाडीखालून वाहणाऱ्या हवेमुळे नळीच्या टोकाशी थोडे चूषण निर्माण होई. मात्र गाडी मंद वेगात असताना वायुविजन जवळजवळ थांबे. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून न्यावयाच्या काही सैनिकी वाहनांत उघडी नळी चालत नसल्याने हे वायू एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीत परत घेण्याची योजना वापरण्यात आली. युद्धानंतर लॉस अँजेल्समधील धूरमिश्रित धुक्याचा प्रश्न गंभीर झाला. मोटारींतून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हाखेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या संशोधनातून दाखवून दिले. क्रँककेसचे वायू हा या हायड्रोकार्बनांचा एक मोठा उगम असल्याचे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियात १९६१ च्या नमुन्यांपासून व अमेरिकेत इतरत्र १९६३ च्या नमुन्यांपासून नव्या मोटारींवर बंद वायुविजनाची झडप बसविण्यास सुरुवात झाली. ‘पीसीव्ही’ या आद्याक्षरांनी ती सर्वत्र ओळखली जाते.

बंद वायुविजन : या पद्धतीत दोन मार्ग असतात. एक मार्ग क्रँककेसपासून पीसीव्ही झडपेतून अंतर्ग्रहण नळीपर्यंत जातो. दुसरा मार्ग झडपांवरील आवरणापासून हवागाळणीच्या पुढील नळीपर्यंत जातो. एंजिन हलक्या भारावर असताना अंतर्ग्रहण नळीत निर्वात असतो. त्यामुळे गळतीचा वायू पहिल्या मार्गाने ओढला जातो व दुसऱ्या मार्गाने स्वच्छ हवा आत येते. पूर्ण भारावर निर्वात नाहीसा होतो आणि वायुगळती मात्र वाढलेली असते. तेव्हा वायू दुसऱ्या मार्गाने उलट दिशेने बाहेर पडतो. टर्बोभारक बसविलेल्या एंजिनात अशा वेळी अंतर्ग्रहण नळीतील दाब वातावरणीय दाबापेक्षा अधिक असतो. तो क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून पीसीव्ही झडप एकदिश झडपेप्रमाणे बंद होते.

तेलाचे दुष्परिणाम : वायूबरोबर आलेले तेल अंतर्ग्रहण नळीत, आंतरशीतकात (इंटरकूलरमध्ये) व झडपांच्या दांड्यांवर साचते. आंतरशीतकात तेलाचा थर बसला की उष्णतेचे संक्रमण मंदावते. तेल ज्वलनकक्षात पोहोचल्यास मिश्रणाची ठोकारोधी क्षमता घटते. अधिक दाबाच्या एंजिनात मिश्रण अवेळी पेटून ठोके बसू लागतात. असे ठोके चालू राहिल्यास दट्ट्याचे काठ तुटतात किंवा त्याच्या माथ्याला भोक पडते. ज्या एंजिनांत इंधन सरळ सिलिंडरात फवारले जाते, त्यांत अंतर्ग्रहण झडपा इंधनाने धुतल्या जात नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर कार्बनाची पुटे लवकर चढतात.

क्रीडा-मोटारीत या प्रश्नाला तेलाच्या हालचालीची जोड मिळते. वळणावर पार्श्विक प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाइतका झाला, तर तेलसाठ्याचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. लांब वळणात तेल अशा रीतीने एका बाजूस चढून राहते व श्वसननळीच्या मुखातून तुषाराऐवजी प्रत्यक्ष तेलाचा लोंढाच बाहेर येतो. सपाट मांडणीच्या एंजिनांत बाहेरच्या बाजूच्या सिलिंडर-शीर्षात तेल साचण्याची प्रवृत्ती याच कारणाने असते.

एक उदाहरण : जपानच्या निस्सान कंपनीच्या स्कायलाइन जीटी-आर या मोटारीतील आरबी२६डीईटीटी हे एंजिन याबाबतीत बोधप्रद आहे. १९८९ ते २००२ या काळात तीन पिढ्यांच्या मोटारींत वापरलेल्या या एंजिनात एका ओळीत सहा सिलिंडर, २४ झडपा व दोन टर्बोभारक असून सिलिंडराचा व्यास ८६ मिमी., धाव ७३.७ मिमी. व एकूण घनफळ २,५६८ घ. सेंमी. आहे. जपानमधील टूरिंग मोटारींच्या ‘अ’ गटाच्या स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार वर्षांत झालेल्या सर्व २९ शर्यती या मोटारीने जिंकल्या. तथापि उच्च वेगावर या एंजिनाच्या सिलिंडर-शीर्षाला तेलाचा पुरवठा मुबलक होतो आणि शीर्षातून खाली परतणारे तेल ज्या मार्गांनी उतरते, त्याच मार्गांनी गळतीचा वायू वर चढतो. शक्ती वाढविलेल्या एंजिनात वायूचा प्रवाह प्रबळ झाला की उतरणारे तेल अडते, शीर्षात साचते व आवरणावरील श्वसननळीतून टर्बोभारकाच्या मुखाकडे जाते. परिणामी तेलतळीतील (सम्पमधील) पातळी खालावते आणि पंपाला तेलाऐवजी हवा मिळाल्यास धारव्यांचे (बेअरिंगांचे) वंगण तुटते. म्हणून या एंजिनावर नुसता तेल-संग्राहक बसविणे पुरेसे ठरत नाही. शीर्षाकडे जाणाऱ्या तेलमार्गात संकोचक बसविणे, शीर्षाच्या मागील भागापासून तेलतळीपर्यंत स्वतंत्र नळी देणे व तेलतळीची धारणक्षमता वाढविणे हे उपाय त्याच्या जोडीने करतात. संग्राहक बाहेर आलेले तेल झेलतो. ते बाहेर का आले, या कारणावर तो इलाज करीत नाही.

रचना : संग्राहक बहुधा ॲल्युमिनियमाचा असतो. त्यात वायू आत येण्याचे व बाहेर जाण्याचे अशी दोन तोंडे, पातळी पाहण्याची पारदर्शक नळी किंवा पट्टी व तळाशी रिकामे करण्याची तोटी असते. अरुंद नळीतून रुंद पात्रात शिरताच वायूचा वेग कमी होतो आणि जड थेंब खाली पडतात. बारीक थेंब वेगळे करण्यासाठी वायूला आडव्या पडद्यांभोवती वळविले जाते किंवा पोलादी तारेच्या जाळीतून नेले जाते. वायू वळतो, थेंब मात्र जडत्वामुळे सरळ जाऊन पृष्ठभागावर आदळतात, एकमेकांत मिसळतात व ओघळतात. पात्र थंड असल्यास वाफेचेही संघनन होते. आत काहीही नसलेला पोकळ डबा या कामी फारसा उपयोगी पडत नाही. कारण सूक्ष्म तुषार वायूबरोबर त्यातून सहज निघून जातात. याउलट दाट भरलेली जाळी वायूलाच अडविते. दोहोंचा समतोल साधणे हे रचनेतील मुख्य कौशल्य होय.

बसविण्याची पद्धत : जोडणीचे दोन प्रकार आहेत. बंद जोडणीत संग्राहकातून बाहेर पडलेला वायू मूळ मार्गानेच एंजिनात परत जातो. उघड्या जोडणीत तो लहान गाळणीतून वातावरणात सोडला जातो. हा प्रकार केवळ शर्यतीच्या मोटारींसाठी योग्य आहे.

बंद जोडणीत पीसीव्ही झडप काढून टाकू नये. ती काढल्यास टर्बोभारकाचा दाब संग्राहकात व तेथून क्रँककेसमध्ये शिरतो. दोन्ही मार्गांसाठी एकच पात्र वापरावयाचे असल्यास त्या मार्गांचे प्रवाह वेगवेगळ्या वेळी उलटतात, हे लक्षात घेऊन एकदिश झडपांची योजना करावी लागते. अन्यथा प्रत्येक मार्गास वेगळे पात्र द्यावे. उघड्या जोडणीत अंतर्ग्रहण नळीवरील व टर्बोभारकापुढील जुनी तोंडे पक्की बुजवावी लागतात. आरबी२६ सारख्या ज्या एंजिनांत आत येणारी हवा तप्त तारेच्या मापकाने मोजून इंधनाचे प्रमाण ठरविले जाते, त्यांत मापकाच्या पुढे न मोजलेली हवा शिरल्यास मिश्रण विरळ होते.

नळ्यांचा आतील व्यास मूळ नळ्यांपेक्षा कमी असू नये. शक्ती वाढविलेल्या एंजिनास तो अधिक असणे इष्ट. नळ्या तेलरोधी व निर्वाताखाली न चेपणाऱ्या असाव्यात. साध्या पाण्याच्या नळीचे रबर तेलाने फुगते व मऊ पडते. नळ्यांना एंजिनापासून संग्राहकापर्यंत सतत चढ किंवा सतत उतार द्यावा. मध्ये खोलगट वेटोळे राहिल्यास तेथे द्रव साचून मार्ग बंद होतो. पात्र गाडीच्या सांगाड्यास आधारपट्टीने घट्ट बसवावे. निष्कास नळ्या व टर्बोभारक यांपासून ते दूर ठेवावे. कारण त्यांच्या तप्त पृष्ठभागावर सांडलेले तेल पेट घेऊ शकते. जोडणी पूर्ण झाल्यावर तेल मोजण्याच्या पट्टीच्या नळीस दाबमापक लावून क्रँककेसमधील दाब पूर्वीपेक्षा वाढलेला नाही, याची खात्री करून घेणे हा या कामातील अखेरचा, परंतु सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय.

देखभाल व निदान : साचलेला द्रव नियमितपणे काढून टाकावा लागतो. भरलेले पात्र न बसविलेल्या पात्रापेक्षा धोकादायक असते. एखाद्या तीव्र वळणावर त्यातील सर्व तेल एकदम अंतर्ग्रहण नळीत ओढले जाऊ शकते. थंड हवेत व लहान अंतराच्या प्रवासात पिवळट दुधासारखा द्रव साचतो. तो तेल व संघनित पाणी यांचे पायस असून केवळ त्यावरून सिलिंडर-शीर्षाखालील गॅस्केट फुटल्याचे अनुमान काढू नये. अतिशीत प्रदेशांत हे पाणी नळीत गोठून वायुमार्ग बंद होतो व दाबाने तेलरोधक कडी निसटतात. तेथे हिवाळ्यात पात्र वारंवार रिकामे करणे किंवा काढून ठेवणे श्रेयस्कर असते. साचलेल्या द्रवात इंधन, पाणी व आम्ले असल्यामुळे तो पुन्हा एंजिनात ओतू नये किंवा गटारात टाकू नये. ठराविक अंतरामागे साचणाऱ्या तेलाचे प्रमाण अचानक वाढल्यास दट्ट्याची कडी झिजल्याचा किंवा तुटल्याचा संशय घेऊन सिलिंडरांची दाबचाचणी करावी. या दृष्टीने संग्राहक हे एंजिनाच्या प्रकृतीचे एक निदानसाधनही आहे.

नियम : शर्यतीच्या मार्गावर सांडलेले तेल मागून येणाऱ्या चालकाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) क्रीडानियमांच्या ‘जे’ परिशिष्टात उघड्या श्वसननळीच्या मोटारींना तेल-संग्राहक आवश्यक ठरविला आहे. त्याची किमान धारणक्षमता २,००० घ. सेंमी. पर्यंतच्या एंजिनास २ लिटर व त्यावरील एंजिनास ३ लिटर असावी आणि आतील पातळी बाहेरून दिसावी, अशी अट आहे. सार्वजनिक रस्त्यावरील वाहनांबाबत कायद्याचा रोख वेगळा आहे. यूरोपीय मानकांत व त्यांच्या धर्तीवरील भारत स्टेज मानकांत पेट्रोल एंजिनाच्या क्रँककेसमधून वातावरणात वायू सोडण्यास मुभा नाही. त्यामुळे रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीवर संग्राहक बसवावयाचा झाल्यास बंद जोडणीच स्वीकारावी लागते.

ज्या एंजिनात कारखान्यानेच कार्यक्षम तेल-विभाजक बसविला आहे व ज्याचा वापर सामान्य स्वरूपाचा आहे, त्यास वेगळ्या संग्राहकाची गरज सहसा भासत नाही. संपूर्ण शर्यतीसाठी बांधलेल्या अनेक एंजिनांत कोरड्या तळीची वंगणपद्धती वापरतात. तीत तेल वेगळ्या उभ्या टाकीत साठविले जाते व तेल आणि वायू यांचे विभाजन बव्हंशी त्या टाकीतच होते. या दोहोंच्या मधल्या, म्हणजे रस्त्यासाठी घडविलेल्या पण शर्यतीच्या मार्गावर नेल्या जाणाऱ्या मोटारींनाच तेल-संग्राहक सर्वाधिक उपयुक्त ठरतो. मात्र तेल अडविताना वायूची वाट मोकळी राहिली, तरच तो एंजिनाचे रक्षण करतो.