सोळा पानांचं कृष्णविवर

सकाळी ७.३०
हिंगोली. मे महिना. शटर वर गेलं की छापखान्यातले काका आधी बादलीभर पाणी फरशीवर शिंपडतात. धुळीसाठी नाही. कोरड्या हवेत कागद कागदाला चिकटतो आणि मशीन एकाऐवजी दोन उचलतं. मग ब्लँकेट पुसायचं, डब्यातल्या शाईवर धरलेली साय सुरीनं काढायची. मशीन एकरंगी मिनी ऑफसेट, घेतलं तेव्हाच जुनं होतं. हाताखाली एक पोरगा, रोज ३५० रुपये.

८.१५
नांदेडच्या एसटीतून पार्सल येतं. सहा प्लेटा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एक १५० ला, पार्सलचे ६० वेगळे. चार आतल्या पानांच्या, दोन कव्हरच्या: काळी आणि पिवळी. विज्ञानकथेच्या चित्रमालिकेचा हा तिसरा भाग. चित्रं काढणारा तरुण औंढ्याचा. बी.एस्सी. झाला, शिकवण्या घेतो. प्रकाशक तोच, लेखक तोच, विक्रेताही तोच.

९.००
पण आधी अडत्याची पावतीपुस्तकं. मोंढ्यात हळद येतेय, पावत्या उद्या सकाळीच पाहिजेत. नगदी काम. पोरगा पावत्यांवर नंबर मारतो: खट, खट, खट. चित्रमालिका भिंतीला टेकून उभी.

११.१०
पहिली प्लेट चढते. पाणी जास्त झालं तर काळा रंग राखाडी, कमी झालं तर सगळं पान काळं. पंधरा-वीस कागद नुसते जुळवण्यात जातात. आणि इथं मुख्य अडचण येते. कथेत कृष्णविवर आहे, ते चांगलं अर्धं पान. सलग काळं. मिनी ऑफसेटला सलग काळं झेपत नाही, मध्ये चट्टे पडतात. काका शाईच्या चाव्या सैल करतात. डबा खाली जाताना दिसतो.

"काय भोक काढलंस रे, लई शाई खायलंय."

"काका, ते खातंच सगळं."

तरुण यावर हसतो. काका हसत नाहीत. शाई त्यांची आहे.

मराठीत हा विषय जुनाच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. शब्दांतलं कृष्णविवर एवढी शाई खात नाही, हे खरं.

या तरुणाची कथा मात्र दुधाळ्याच्या माळावर घडते. औंढा नागनाथ तालुक्यातल्या याच गावाजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे: काटकोनात दोन भुजा, एकेक चार किलोमीटरची. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर टिपली. इथल्या यंत्रासाठी केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले.

१.०५
लाइट जाते. मशीन मधेच थांबतं, रोलरवर शाई सुकू नये म्हणून काका हातानं फिरवत राहतात. मग डबे उघडतात. भाकरी, ठेचा, कांदा. काका लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स भाड्यानं आणायचे. वेताळ, मँड्रेक, अवकाशात फिरणारा फ्लॅश गॉर्डन. टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये इंग्रजीत सुरू केलेलं हे प्रकाशन पुढे मराठीतही आलं आणि १९९० मध्ये बंद पडलं. त्याचे १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत. छापखान्यात संप होता. काकांना हा तपशील फार आवडतो. "वेताळबी आमच्यामुळं थांबला म्हण की."

२.४०
लाइट येते. आता कागदाची पाठ. ए-थ्री कागदावर एका बाजूला चार पानं, दोन्हीकडून आठ. दोन कागदांत सोळा. तरुणानं घडीची डमी आणली आहे, काका ती तीनदा उलगडून बघतात. पान पाच उलटं बसलं तर पाचशे कागद रद्दीत. उलटं नाही. पण कृष्णविवर अजून ओलं आहे, वरच्या कागदाच्या पाठीला डाग देतंय. तेवढा गठ्ठा बाजूला, आधी दुसरा.

४.३०
कव्हर. पिवळा रंग चढवायचा म्हणजे रोलर रॉकेलनं धुवायचे. अर्धा तास त्यातच. पिवळा दोन केसांनी सरकलाय, ग्रहाच्या कडेला पांढरी फट दिसते. तरुणाला खटकतं. काका म्हणतात, प्रकाश तसाच पडतो.

५.१५
दोन मावश्या घड्या घालायला बसतात. कागद मधोमध कापलेला. घडी, वर स्टीलची पट्टी, पुढचा. चार घड्या एकात एक, वर कव्हर, लांब हाताच्या स्टेपलरच्या दोन पिना. एका प्रतीला एक रुपया. बोटं काळी होतात, ती काळजी घेऊन कव्हरपासून लांब ठेवायची. एक मावशी मधेच चित्रं बघत थांबते. दुसरी म्हणते, रुपया वाचून मिळत नाही.

७.००
तीन बाजू कापायला गठ्ठे शेजारच्या प्रेसमध्ये. १०० रुपये.

७.४०
हिशोब. प्लेटा आणि पार्सल ९६०, दोन रिम १,२००, सुटा कागद आणि कव्हरचा कार्ड ४५०, शाई २००, छपाई ९००, घडी ५००, कटिंग १००. एकूण ४,३१०. हाती आल्या ४८२ प्रती. किंमत २०, दुकानदाराचे त्यातून पाच. तरुण २,५०० मोजतो. बाकी काकांच्या वहीत. १९८४ मध्ये अमेरिकेत ईस्टमन आणि लेअर्ड यांनी निन्जा कासवांचा पहिला अंक स्वतःच छापून घेतला तेव्हाही एका काकाकडून पैसे घ्यावे लागले होते. तो सख्खा होता, एवढाच फरक.

काका आतल्या प्लेटांना गोंद लावतात. पुन्हा छापायची वेळ आलीच तर. नाहीतर भंगारवाला आहे.

"चौथ्या भागाला किती पानं करायलास?"

"अठरा लागतील."

"सोळा कर, नाहीतर वीस. अठराला दोन कोरी राहतात."

तरुण बोटांवर मोजतो. कथा वीस होत नाही.

"मग त्या दोन पानांवर अडत्याची जाहिरात घे," काका म्हणतात. "सकाळी पुस्तकं न्यायला येईल तवा मीच इचारतो."