विश्लेषण : हरणापासून अस्वलापर्यंत एकच रायफल चालते का? शिकाऱ्यांचा जुना वाद आणि त्यामागचे विज्ञान

अमेरिका आणि कॅनडात पानगळ सुरू झाली की मोठ्या प्राण्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. कोणता प्राणी, किती संख्येने आणि कोणत्या तारखांना मारायचा हे तिथले सरकार परवान्यावर ठरवून देते. रायफल मात्र ज्याची त्याने निवडायची असते आणि खरा पेच तिथेच असतो. पन्नास किलोचा प्राँगहॉर्न, तीनशे किलोचा एल्क आणि अर्ध्या टनाहून जड मूस हे तिन्ही प्राणी एकाच देशात, कधी कधी एकाच हंगामात समोर येतात. प्रत्येकासाठी वेगळी रायफल, वेगळी दुर्बीण आणि वेगळा सराव बहुतेकांना परवडत नाही.

निवड चुकली तर पहिली किंमत प्राणी मोजतो. नुसता जखमी झालेला एल्क दूरवर जाऊन तडफडत मरतो आणि अनेकदा सापडतही नाही. समोर अस्वल असेल तर शिकाऱ्याच्याही जिवावर बेतते. म्हणूनच ‘सगळ्यांसाठी एकच रायफल कोणती’ या प्रश्नावर शंभर वर्षे वाद सुरू आहे.

कॅलिबर म्हणजे काय?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. अमेरिकेत तो इंचात सांगतात, युरोपात मिलिमीटरमध्ये. पण नुसत्या व्यासावरून ताकद कळत नाही. काडतुसाच्या पुंगळीत दारू किती मावते, गोळी किती जड आहे आणि ती किती वेगाने सुटते, यावर सारे ठरते. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिन्हींची गोळी एकाच व्यासाची, ७.८२ मिलिमीटरची असते. पुंगळ्या मात्र वेगळ्या, म्हणून वेगही वेगळा.

.३०-०६ हे नाव कुठून आले?

या वादात सर्वांत जास्त वेळा पुढे येणारे नाव .३०-०६ हेच. उच्चार ‘थर्टी ऑट सिक्स’. यातले ३० म्हणजे ०.३० इंच आणि ०६ म्हणजे १९०६ हे वर्ष. त्या वर्षी अमेरिकी लष्कराने हे काडतूस स्वीकारले. त्याआधी १९०३ मध्ये आणलेल्या काडतुसाची गोळी जड आणि बोथट टोकाची होती. जर्मनीने टोकदार, हलकी आणि वेगवान गोळी आणल्यावर अमेरिकेनेही आपले काडतूस बदलले. दोन्ही महायुद्धांत ते वापरले गेले.

माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा याच काडतुसाची स्प्रिंगफील्ड रायफल त्यांच्याकडे होती. तरी हत्ती, गेंड्यासाठी त्यांनी हॉलंड अँड हॉलंडची दुनळी आणि सोबत .४०५ विंचेस्टरही नेली होती. म्हणजे एका रायफलीवर तेव्हाही त्यांचे भागले नाही.

मोठी गोळी म्हणजे खात्रीची शिकार का नाही?

सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे उडून पडतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. ११.७ ग्रॅमची .३०-०६ गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने सुटते. तिचा सगळा संवेग ३२० किलोच्या एल्कने शोषून घेतला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर असतो. गोळी प्राण्याला ढकलून पाडत नाही. ती फुप्फुसे आणि हृदय भेदते, रक्तस्राव होतो, मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि प्राणी काही सेकंदांत कोसळतो.

त्यामुळे दोनच गोष्टी निर्णायक ठरतात. गोळी योग्य जागी लागणे आणि तिथपर्यंत पुरेशी खोल जाणे. स्कॉटिश शिकारी वॉल्टर बेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले. त्यातले बरेचसे .२७५ रिग्बी या ७ मिलिमीटरच्या, तुलनेने सौम्य काडतुसाने. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. याच काडतुसाची रायफल जिम कॉर्बेट यांच्याकडेही होती. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती त्यांना भेट मिळाली होती.

अर्थात, बेल यांचे उदाहरण अनुकरणासाठी नाही. इतका अचूक नेम आणि प्राण्याच्या शरीररचनेचे इतके ज्ञान फार थोड्यांकडे असते. शिवाय हत्तीसाठी इतके छोटे कॅलिबर वापरायला आफ्रिकेतल्या अनेक देशांचा कायदा आज परवानगी देत नाही.

मग जास्त ताकदीची रायफल घेतली तर बिघडते कुठे?

बिघडते ते खांद्यापाशी. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते, हा न्यूटनचा तिसरा नियम. ३.६ किलोच्या रायफलीत .३०-०६ च्या धक्क्याची ऊर्जा साधारण २७ ज्यूल येते. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नम ३६ ज्यूलच्या आसपास जाते, तर .३७५ हॉलंड अँड हॉलंड ५५ च्याही पुढे.

आता दुसरी बाजू. .३०-०६ च्या तुलनेत .३०० मॅग्नमच्या गोळीची ऊर्जा सुमारे २० टक्के जास्त असते, पण धक्का मात्र जवळपास एक तृतीयांशाने वाढतो. .३७५ मध्ये ऊर्जा दीडपटीच्या आत राहते आणि धक्का दुप्पट होतो. म्हणजे ताकद जितकी वाढते, त्याहून जास्त मोल खांदा मोजतो.

याचा परिणाम नेमावर होतो. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच खांदा आखडतो, डोळे मिटतात. ६० सेंटिमीटर लांबीच्या नळीचे टोक त्या क्षणी एक मिलिमीटर हलले, तर १८० मीटरवर गोळी ३० सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण २० ते २५ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे गोळी पोटात किंवा पायात लागण्याची शक्यता वाढते. धक्का नकोसा वाटला की सरावही कमी होतो आणि नेम आणखी बिघडतो.

जगातली सर्वांत मोठी अस्वले जिथे आहेत त्या अलास्काचे वन्यजीव खातेही शिकाऱ्यांना हाच सल्ला देते. अस्वलाच्या भीतीने मोठी मॅग्नम रायफल घेण्यापेक्षा अचूक चालवता येणारी .२७० किंवा .३०-०६ बरी आणि तिच्यासोबत मजबूत बांधणीची गोळी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. .३०-०६ पेक्षा जास्त धक्का सहन करून नीट नेम साधणारे लोक थोडेच असतात, हे त्यामागचे कारण.

इतर दावेदार कोणते?

.२७० विंचेस्टर : १९२५ मध्ये आले. पुंगळी .३०-०६ च्याच घराण्यातली, पण गोळी बारीक, हलकी आणि वेगवान. त्यामुळे ती सरळ रेषेत दूरवर जाते आणि धक्काही कमी. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे लेखक जॅक ओ’कॉनर यांनी तिचा आयुष्यभर पुरस्कार केला. जड आणि रुंद गोळीचे कट्टर समर्थक एल्मर कीथ हे त्यांचे वैचारिक विरोधक. या दोघांच्या वादावर अमेरिकी शिकाऱ्यांच्या पिढ्या वाढल्या.

.३०८ विंचेस्टर : १९५२ चे. पुंगळी .३०-०६ हून १२ मिलिमीटरने आखूड. ताकद किंचित कमी, धक्काही कमी. काडतूस आखूड असल्याने रायफलही थोडी आटोपशीर होते.

६.५ क्रीडमोर : २००७ चे. धक्का सौम्य, लांब अंतरावर अचूक. हरणांसाठी उत्तम, पण मोठ्या अस्वलासमोर बहुतेक जण याहून जड गोळी पसंत करतात.

.३०० विंचेस्टर मॅग्नम : १९६३ चे. मोकळ्या डोंगराळ भागात दूरच्या एल्कसाठी लोकप्रिय. धक्का पेलणाऱ्यांसाठीच.

.३७५ हॉलंड अँड हॉलंड : १९१२ चे. आफ्रिकेत हरणांपासून रानरेड्यापर्यंत सर्वांना चालणारे म्हणून प्रसिद्ध. अमेरिकेतल्या सामान्य हरणासाठी मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

वजनाच्या दोन टोकांकडे पाहिले तर .३०-०६ नेमके मधोमध बसते. हरणासाठी ९.७ ग्रॅमची गोळी, एल्क-मूससाठी ११.७ किंवा १३ ग्रॅमची गोळी, अशी निवड एकाच रायफलीत करता येते. गोळीचे वजन बदलले की ती लागण्याची जागाही बदलते, त्यामुळे दुर्बीण पुन्हा जुळवून घ्यावी लागते, एवढीच अट.

गोळीची रचना किती महत्त्वाची?

कॅलिबरच्या चर्चेत हा मुद्दा अनेकदा मागे पडतो. शिशाची साधी गोळी फार वेगाने हाडावर आदळली तर फुटते आणि आत शिरतच नाही. १९४६ मध्ये कॅनडात एका चिखलाने माखलेल्या मूसवर आपल्या गोळ्या निकामी ठरल्याचा अनुभव अमेरिकेचे जॉन नॉस्लर यांनी घेतला. त्यांच्याकडे तेव्हा .३०० ची मॅग्नम रायफल होती. उणीव गोळीतच होती. त्यातून मध्ये तांब्याचा पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी जन्माला आली आणि १९४८ पासून विकली जाऊ लागली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो.

आता संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही मिळतात. शिशाचे कण प्राण्याच्या उरलेल्या अवशेषांत राहतात आणि ते खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियातील दुर्मीळ काँडोर गिधाडांचे मोठे नुकसान यातून झाले. त्यामुळे त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी वापरता येत नाही. नवी रायफल घेताना तिच्या काडतुसात तांब्याची गोळी मिळते का, हेही पाहावे लागते.

कायदा काय सांगतो?

बऱ्याच देशांत हा निर्णय पूर्णपणे शिकाऱ्यावर सोडलेला नाही. इंग्लंडमध्ये हरणासाठी किमान .२४० कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २३०० ज्यूल ऊर्जा लागते. स्वीडनमध्ये मूससाठी गोळी किमान ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल ऊर्जा हवी. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० ज्यूल पुरतात. जड गोळी कमी ऊर्जेतही खोल जाते, हे कायद्यानेच मान्य केले आहे. म्हणूनच तिथे ६.५ मिलिमीटरचे जुने लष्करी काडतूस पिढ्यान् पिढ्या मूसवर चालत आले.

फिनलंड एक पाऊल पुढे आहे. तिथे मूसची शिकार करायची तर आधी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. ७५ मीटरवर चार गोळ्या २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात बसाव्या लागतात. हातातली रायफल कितीही ताकदवान असली तरी या चाचणीतून सुटका नाही.

भारतात हा प्रश्न का उरला नाही?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात छंद म्हणून होणारी शिकार संपली. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला वन्यप्राणी मारायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा कारणांसह लेखी आदेश लागतो. रानडुक्कर आणि रोही पिकांची नासाडी करतात तेव्हाही शेतकऱ्याला थेट बंदूक उचलता येत नाही. परवानगीची प्रक्रिया पार पाडावी लागते.

रायफलीची निवडही इथे विज्ञानापेक्षा कायद्यावर ठरते. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर ही लष्करी काडतुसे ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये येतात, सामान्य परवानाधारकाला ती मिळत नाहीत. म्हणून सरकारी आयुध कारखान्यांची .३१५ बोअरची रायफल देशभर रुजली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात.

मग एकच रायफल निवडायची तर निकष काय?

परदेशात कायदेशीर शिकार करणाऱ्यांसाठी हिशेब असा मांडता येतो. आधी स्थानिक कायद्याची किमान अट पाहायची. मग प्रत्यक्षात वर्षानुवर्षे कोणत्या प्राण्याची शिकार होणार आहे ते पाहायचे. आयुष्यात एकदा भेटेल न भेटेल अशा अस्वलासाठी रोजची रायफल अवजड करण्यात अर्थ नाही. काडतूस आडगावच्या दुकानातही मिळणारे हवे. रायफल बोल्ट अ‍ॅक्शन, दुर्बिणीसह चार किलोच्या आसपास. त्याहून हलकी असेल तर डोंगर चढताना बरे वाटते, पण तेच काडतूस खांद्याला जास्त धक्का देते.

शेवटचा निकष सर्वांत महत्त्वाचा. दुकानात उभे राहून ताकदीचा आकडा पाहण्यापेक्षा मैदानात सलग वीस गोळ्या झाडून पाहाव्यात. विसाव्या गोळीलाही नेम पहिल्या गोळीइतकाच स्थिर राहत असेल, तर ती रायफल आपली. अनेकांसाठी ती .३०-०६ ठरते, काहींसाठी .३०८ किंवा ६.५. एक पायरी खाली उतरण्यात कमीपणा नाही. न पेलणाऱ्या रायफलीमुळे चुकलेल्या नेमाची किंमत मात्र जंगलात जखमी फिरणारा प्राणी मोजत असतो.