समुद्र जमीन नेतो, पण बांध कुठे घालायचा हे कोण ठरवतं?

समजा, तुमचं घर समुद्राजवळच्या एका उंच कड्यावर आहे. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा घर आणि कडा यांच्यामध्ये मोठं शेत होतं. दर वर्षी थोडं थोडं करत ते शेत गेलं. आता परसदाराचं कुंपण आणि कडा यांच्यात चार पावलं उरली आहेत. आता अर्ज कुणाकडे करायचा? बांध कुणी घालायचा? आणि घर पडलंच, तर भरपाई कोण देणार?

हा प्रश्न इंग्लंडमधल्या एका जिल्ह्यातल्या कितीतरी घरांपुढे खरोखरच उभा आहे. तिथला समुद्र कसा वागतो आणि तिथला कारभार कसा चालतो, हे आज समजून घेऊ या. देश लांबचा आहे, पण प्रश्न ऐकलात तर ओळखीचा वाटेल.

जिल्हा कुठे आहे?

इंग्लंडच्या उत्तर भागात, पूर्व किनाऱ्यावर, ‘ईस्ट रायडिंग ऑफ यॉर्कशायर’ नावाचा जिल्हा आहे. ‘रायडिंग’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ तिसरा हिस्सा. यॉर्कशायर हा मोठा प्रांत, त्याचे पूर्वी तीन हिस्से होते, त्यातला हा पूर्वेचा. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे ३ लाख ४२ हजार होती. बरीचशी गावं शेतीची, आणि किनाऱ्यावर ब्रिडलिंग्टन, हॉर्नसी, विदर्नसी अशी पर्यटकांची छोटी शहरं. दक्षिणेला हंबर नदीची रुंद खाडी. त्या खाडीवरचं हल हे मोठं शहर मात्र या जिल्ह्यात येत नाही, त्याचा कारभार वेगळा.

कडा का ढासळतो?

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला फ्लॅम्बरो हेड आहे. तिथला दगड खडूचा, पांढरा आणि त्यातल्या त्यात टणक. पण त्याच्या दक्षिणेला स्पर्न पॉइंटपर्यंत जो साठेक किलोमीटरचा किनारा आहे, त्याला होल्डरनेस म्हणतात. तिथला कडा दगडाचा नाहीच, मातीचा आहे. हिमयुगात बर्फाच्या जाड थरांनी घासत, ओढत आणलेली चिकणमाती आणि गोटे बर्फ वितळल्यावर इथे राहिले, तीच ही जमीन.

आता बघा, पावसाचं पाणी वरून मुरतं, माती भिजून जड होते. खालून लाटा पायथा पोखरतात. मग कड्याचा एखादा मोठा लचका खाली येतो. पडलेली माती लाटा वाहून नेतात, की पायथा पुन्हा उघडा. असं सरासरी दर वर्षी दीड ते दोन मीटर किनारा मागे सरकतो. म्हणजे साधारण चार हात. पण सरासरीवर जाऊ नका. एखाद्या जागी दोन-तीन वर्षं काहीच होत नाही आणि मग एका हिवाळ्यात दहा मीटर जमीन जाते.

रोमन लोकांच्या काळापासून इथली सुमारे पाच किलोमीटर रुंदीची पट्टी समुद्रात गेली, असं मानतात. तिच्याबरोबर तीसेक गावं गेली. रेव्हन्सर ऑड नावाचं तर भरभराटीचं बंदर होतं, तेही चौदाव्या शतकात बुडालं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ढासळलेल्या कड्यातली वाळू वाया जात नाही. लाटा ती दक्षिणेकडे सरकवत नेतात. त्याच वाळूने खालच्या गावांपुढे थोडी पुळण राहते, आणि शेवटी स्पर्नची लांब जीभ तयार झाली आहे.

कारभार कोण पाहतं?

सगळ्यात खाली गावाची ‘पॅरिश काउन्सिल’. आपल्या ग्रामपंचायतीची लांबची बहीणच म्हणा. जिल्ह्यात अशा दीडशेहून जास्त आहेत. खेळाचं मैदान, बसथांब्याचं छप्पर, बाक, कुठे दफनभूमी, असली कामं तिच्याकडे. घरपट्टीसारखा जो कर असतो, त्यात ती आपला छोटा वाटा मागते. वर्षातून एकदा, १ मार्च ते १ जून या काळात, गावातल्या सगळ्या मतदारांची सभा होते. एक फरक सांगते: तिथे बायकांसाठी राखीव जागा नाहीत. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत.

त्याच्या वर ‘ईस्ट रायडिंग काउन्सिल’. कचेरी बेव्हर्ली गावात. ६७ सदस्य, दर चार वर्षांनी निवडणूक. शाळा, रस्ते, कचरा, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, बांधकामाची परवानगी, सगळं हिच्याकडेच. मध्ये तालुक्याची पायरी नाही. १९७४ ते १९९६ अशी पायरी होती. तेव्हा हा भाग ‘हंबरसाइड’ नावाच्या नव्या जिल्ह्यात घातला होता. ते नाव लोकांना कधी आपलं वाटलं नाही. १ एप्रिल १९९६ ला हंबरसाइड मोडलं आणि जुनं नाव परत आलं. २०२५ मध्ये हल आणि ईस्ट रायडिंग मिळून एक महापौरही निवडला गेला.

किनाऱ्याचं रक्षण हे काम जिल्ह्याच्या काउन्सिलकडे आहे. मोठ्या कामाचा पैसा मात्र बहुतेक सरकारकडून यावा लागतो. आणि खरी मेख पुढेच आहे. १९४९ च्या कायद्याने काउन्सिलला बांध घालण्याचा अधिकार दिला, पण घालायलाच हवा असं बंधन नाही घातलं. म्हणजे तुमचं घर कड्याच्या टोकावर आलं, म्हणून बांध हा तुमचा हक्क ठरत नाही.

एक गाव वाचलं, शेजारचं शेत गेलं

मॅपलटन हे लहानसं गाव, पन्नासेक घरांचं. १९९१ मध्ये सुमारे २० लाख पौंड खर्चून तिथे मोठमोठ्या दगडांचा बांध घातला आणि समुद्रात आडवे दोन दगडी बांध काढले. एवढ्याशा गावासाठी एवढा पैसा का? कारण गावातून हॉर्नसी ते विदर्नसी हा किनाऱ्याचा रस्ता जातो. रस्ता दुसरीकडून काढायचा तर खर्च जास्त आला असता. गावाबरोबर रस्ता होता, म्हणून हिशेब जुळला.

गाव वाचलं. पण आडव्या बांधांनी वाळू अडवली. दक्षिणेला काउडनच्या बाजूला पुळण बारीक झाली आणि तिथली शेतजमीन आधीपेक्षा वेगाने समुद्रात जाऊ लागली. एकाचं रक्षण केलं, त्याची किंमत शेजाऱ्याने मोजली.

आता सगळ्या किनाऱ्याचा आराखडा आहे. त्यात लिहिलंय की ब्रिडलिंग्टन, हॉर्नसी, मॅपलटन, विदर्नसी आणि ईझिंग्टनचं गॅस केंद्र इथे बांध राखायचे. बाकीच्या बहुतेक किनाऱ्यावर काही करायचं नाही. शहर वाचतं, गॅसचं केंद्र वाचतं. स्किपसीसारख्या गावात कड्यावर जी घरं आहेत, त्यांचा आकडा हिशेबात बसत नाही.

मग त्या घरांचं काय?

इंग्लंडमध्ये किनारा ढासळून घर गेलं तर सरकार भरपाई देत नाही. घर पडण्याआधी ते पाडावं लागतं, आणि तो खर्च घरमालकावरच येतो. त्यासाठी ६,००० पौंडांपर्यंत मदत मिळते, बस एवढंच. काउन्सिलने एक वाट मात्र काढली आहे: धोक्यातलं घर, शेतवाडा किंवा पर्यटकांची वस्ती आतल्या बाजूला हलवायची असेल, तर तिथे बांधकामाची परवानगी द्यायची. २०२२ मध्ये सरकारने ईस्ट रायडिंग आणि नॉर्थ नॉरफोक या दोन किनाऱ्यांसाठी मिळून ३ कोटी ६० लाख पौंड जाहीर केले. समुद्र अडवण्यासाठी नाही, तर लोकांना वेळेत आणि नीट मागे सरकता यावं म्हणून.

या सगळ्यात एक साधी गोष्ट फार कामाची ठरली. १९५१ पासून तिथे किनाऱ्यालगत दर ५०० मीटरवर खांब रोवले, आणि खांबापासून कड्यापर्यंतचं अंतर नियमित मोजत गेले. आता विमानातूनही मोजणी होते. त्यामुळे आपला किनारा वर्षाला किती मागे जातो, हे कागदावर आहे. पुढच्या पन्नास वर्षांत कुणाच्या दारात कडा येईल, याचा अंदाज त्यावरूनच बांधतात. नुसतं ‘आमची जमीन चाललीय हो’ म्हणण्यापेक्षा ‘सत्तर वर्षांत इतके मीटर गेली’ हे सांगणं जड पडतं. तरीही मैत्रिणींनो, आकडा असूनसुद्धा लहान वस्तीला नकार मिळू शकतो, हेही तितकंच खरं आहे. पण नकार आधी कळला, तर घर हलवायला वर्षं मिळतात. रात्रीत पळावं लागत नाही.

पुढच्या बैठकीत बोलू या

१. आपल्या गावचं एखादं काम अडलंय, ते नक्की कुणाच्या अधिकारात आहे? ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद की आणखी कुणी?

२. ते काम करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, की नुसता अधिकार आहे?

३. त्या कामाने आपलं भलं होताना खालच्या वस्तीचं, शेजारच्या शेताचं काय होईल?

४. ओढ्याची धूप, विहिरीचं पाणी, खचणारा रस्ता, यातलं आपण काय मोजून वहीत लिहितो?

बचतीचा हिशेब आपण पैशापैशाने लिहितो. चौथ्या प्रश्नाचं उत्तरही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला सुरुवात करा, तारीख टाकून.