पडद्यावरचा खेळ आणि थरथरणारा हात

रात्रपाळीच्या कामगारांना घेऊन कंपन्यांच्या बसगाड्या निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून चाकणच्या रोखाने निघतात, त्याच सुमारास प्राधिकरणातल्या आणि यमुनानगरातल्या कित्येक घरांत दुसरीच एक पाळी सुरू होते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कानांवर हेडफोन चढवतो, मोबाइलला चार्जर लावून ठेवतो आणि ज्यांची तोंडे त्याने क्वचितच प्रत्यक्ष पाहिली आहेत अशा तिघा साथीदारांसह ‘बीजीएमआय’ नावाच्या रणांगणात उतरतो. वडील कारखान्यात वेल्डिंगच्या कामावर, आई दिवसभराच्या कष्टाने झोपलेली, आणि मुलगा अभ्यास करीत आहे अशी घराची समजूत. ही समजूत खरी नाही हे तिघांनाही ठाऊक असते. पण सकाळी त्याविषयी कोणी शब्द काढीत नाही.

या खेळाची रीत ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. चौघांचा एक संघ, आणि स्पर्धेत बहुधा असे सोळा संघ एकाच नकाशावर उतरतात. नकाशावरचे सुरक्षित वर्तुळ ठरावीक वेळाने आकुंचन पावत जाते. बाहेर राहील तो मरतो, आत येईल त्याची गाठ शत्रूशी पडते. शेवटी शाळेच्या मैदानाएवढी जागा आणि तीन-चार संघ उरतात. येथवर पोहोचणे हे कौशल्याचे काम असते. परंतु सरावात ज्याचा नेम अचूक बसत होता त्याचे बोट नेमके येथेच अर्धा क्षण आधी पडते. तळहाताला घाम सुटतो, साथीदारांच्या सूचना कानांवर येतात पण डोक्यात शिरत नाहीत, आणि आठवडाभर घोकलेला डाव दहा सेकंदांत विस्कटतो. सरावाच्या सामन्यात या मुलाला हात लावणारा कोणी नसतो. स्पर्धेत, अनोळखी प्रेक्षक पाहत असताना, तो ओळखू येत नाही.

‘बरेच झाले, एकदाचे खूळ तरी सुटेल’ ही बहुतेक पालकांची यावरची प्रतिक्रिया. ती समजण्यासारखी आहे. तथापि हा खेळच नव्हे, हे म्हणणे आता टिकणारे नाही. २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत असे खेळ प्रात्यक्षिक म्हणून होते व भारताच्या तीर्थ मेहताने त्यात कांस्यपदक मिळविले. २०२३ मध्ये हांगझाऊ येथे ते अधिकृत पदकांचे खेळ झाले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले, आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या प्रकारांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सना त्यांपासून वेगळे काढले. रमीच्या नादी लागून पगार उडविणारा इसम आणि स्पर्धेत हरून रडणारा मुलगा यांना एकाच मापाने मोजण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही. हे खेळ किती खेळावे हा वेगळा आणि महत्त्वाचा वाद आहे. येथे प्रश्न आहे तो त्या बोटाचा.

येत असलेली गोष्ट ऐनवेळी का येईनाशी होते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बाऊमायस्टर यांनी १९८४ मध्ये या विषयावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हाताच्या कसबाच्या एका साध्या खेळात ज्यांना स्वतःच्या हातांकडे लक्ष ठेवून खेळण्यास सांगितले, त्यांचा खेळ बिघडला. पुढचा एक प्रयोग तर व्हिडिओ खेळांच्या दुकानातच, तेथे आलेल्या गिऱ्हाइकांवर केलेला होता, आणि तेथेही दडपण आणताच खेळ घसरलेला दिसला. कारण असे सांगितले जाते की, पक्के झालेले कौशल्य हे जाणिवेच्या देखरेखीवाचून चालत असते. चांगले करून दाखविण्याची निकड निर्माण झाली की मन त्या कौशल्याची पुन्हा तपासणी करू लागते, आणि वाहते काम अडते.

यासाठी अमेरिकेलाही जावयास नको. टंकलेखनाच्या परीक्षेला बसलेला कोणताही कारकून हे सांगू शकेल. कचेरीत बोलता बोलता पत्र पुरे करणारी बोटे, समोर घड्याळ आणि पाठीशी परीक्षक येताच एकेक अक्षर शोधू लागतात. वर्षानुवर्षे शिकविलेला धडा तपासणीच्या दिवशी, मागच्या बाकावर अधिकारी बसलेले असताना, शिक्षकालाच परका वाटू लागतो. फरक इतकाच की कारकुनाला व शिक्षकाला आपली फजिती सांगावयास सहकारी असतात.

या दृष्टीने महाराष्ट्रातील एका खेळाडूची हकिकत पाहण्यासारखी आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागलेला. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझाऊ येथे ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात त्याने संघाचे सुवर्ण मिळविले, आणि वैयक्तिक अंतिम फेरीतही तो आघाडीवर होता. या प्रकारात एका गोळीचे सर्वाधिक गुण १०.९, आणि दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. उभ्याने नेम धरण्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याची एक गोळी ७.६ वर गेली. एकच गोळी, पण हातचे पदक गेले आणि तो चौथा आला. इतक्या वरच्या पातळीचा नेमबाज ७.६ मारतो तेव्हा त्याच्या हाताने नेमबाजी विसरलेली नसते. क्षणभर मन नळीच्या टोकावरून अन्यत्र गेलेले असते, एवढेच.

दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, तोच नेमबाज पॅरिसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत उभा होता. गुडघ्यावर बसून आणि झोपून झाडावयाच्या गोळ्या संपल्या तेव्हा तो पदकाच्या जागांबाहेर होता. उरला होता तो उभे राहण्याचा टप्पा, म्हणजे ज्याने हांगझाऊला घात केला तोच. त्याच टप्प्यात तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांनी कांस्यपदकाचा मानकरी झाला. नंतर त्याने जे सांगितले ते मोठे उद्बोधक आहे. सकाळपासून त्याने काही खाल्ले नव्हते, पोटात गोळा आलेला होता, केवळ काळा चहा घेऊन तो आला होता. छाती जोराने धडधडत होती. त्याने श्वास ताब्यात ठेवला आणि नेहमीपेक्षा निराळे काही करण्याचा प्रयत्न केला नाही. म्हणजे भीती गेली नव्हती. भीती होतीच, आणि ती असतानाच काम झाले. ‘घाबरू नकोस’ असा उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या तपशिलापाशी थोडे थांबावे.

एकाग्रतेचा विषय निघाला की आपल्याकडे पोपटाचा डोळा आणि अर्जुन यांचा दाखला हमखास येतो. सोयीस्कर विसर पडतो तो एवढाच, की त्याच अर्जुनाच्या हातून पुढे कुरुक्षेत्रावर गांडीव गळू लागले, अंगाला कंप सुटला आणि तोंडाला कोरड पडली. नेम तोच होता, धनुष्य तेच होते. गुरुकुलातल्या परीक्षेत लाकडी पक्षी होता, येथे समोर आप्त होते आणि निकालाला अर्थ होता. त्या वेळी त्याच्याशी कोणी तरी अठरा अध्याय बोलले. ‘एवढा मोठा धनुर्धर आणि रडतोस काय?’ एवढ्यावर बोळवण केली नाही.

असे बोलणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. नाशिकचे भीष्मराज बाम हे पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी. निवृत्तीनंतर त्यांनी खेळाडूंच्या मनाचा अभ्यास हेच आपले कार्य मानले. योगशास्त्रातील श्वासाची व एकाग्रतेची साधने त्यांनी मैदानाच्या भाषेत आणली. राहुल द्रविडसारखा फलंदाज आणि अंजली भागवत यांच्यासारखी नेमबाज त्यांच्या सल्ल्याचा लाभ घेत. ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक मराठीत आहे. २०१७ मध्ये ते गेले. मन हेही दंडाप्रमाणे रोजच्या मेहनतीने तयार होते, हा विचार मराठी क्रीडाक्षेत्रात रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

निगडीतल्या त्या मुलाला यातले काय मिळते? कबड्डीच्या मैदानावर तीस सेकंदांच्या चढाईत पकडला गेलेला पोरगा मंडळाच्या जुन्या खेळाडूंबरोबर घरी परततो. वाटेत कोणी शिव्या देतो, कोणी पाय कसा टाकावा ते दाखवितो. मोबाइलवर हरलेला मुलगा अंधारात एकटाच असतो. मार्गदर्शक नाही, व्यायाम नाही, झोप तर नाहीच. आणि रात्री दोनपर्यंत जागून ज्याचे लक्ष आधीच विरलेले आहे त्याने दडपणाला सर्व दोष द्यावा हेही खरे नव्हे. लक्ष उडणे आणि दडपण येणे ही दोन दुखणी वेगळी आहेत. पहिल्यावर झोप हा पुष्कळसा उपाय आहे. दुसऱ्यासाठी दडपणातच सराव करावा लागतो: चार माणसे पाहत आहेत, निकाल लिहिला जात आहे, हरल्यावर तोंड दाखवावयाचे आहे, अशा स्थितीत पुन्हा पुन्हा खेळावे लागते. चोरून खेळणाऱ्याला हा सराव मिळणे शक्यच नाही. घरापासून लपविलेल्या खेळाला पहिला प्रेक्षक भेटतो तो थेट स्पर्धेतच.

भरीस भर म्हणजे या खेळाची अनिश्चितता. ‘पब्जी’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही काढून टाकण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परतला. ज्याचे मैदानच केव्हा नाहीसे होईल याचा भरवसा नाही, असा खेळाडू प्रत्येक स्पर्धा शेवटचीच समजून खेळणार. यातून नामांकित होणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे त्याला कोणी तरी स्वच्छ सांगितले पाहिजे. मात्र ते सांगण्याचा अधिकार, त्याचा एखादा सामना शेजारी बसून पाहिलेल्या माणसालाच असू शकतो.

निगडीत अशी माणसे नाहीत असे नव्हे. मानसशास्त्रज्ञ असलेल्या आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीची शाळा येथे आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गणेशोत्सवात कॅरमच्या स्पर्धा भरविणारी मंडळे आहेत. एखाद्या शाळेच्या व्यायामशिक्षकांनी रविवारी दुपारी, उजेडात, पालकांना बोलावून अशी एक स्पर्धा भरविली तर त्यात आकाश कोसळण्यासारखे काही नाही.

आणि सर्वांत जवळचा जाणकार तर घरातच असतो. वेल्डिंग करणाऱ्या हाताची शिवण रोज सरळ येते. परंतु ग्राहक कंपनीचा अधिकारी तपासणीला येऊन पाठीमागे उभा राहिला की तीच शिवण कशी वाकडी जाते, आणि ती सरळ आणण्यासाठी श्वास कोठे धरावा लागतो, हे त्या वडिलांना वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. सकाळी साडेसातला ते पाळीवरून परततात तेव्हा मुलगा तारवटलेल्या डोळ्यांनी समोर बसलेला असतो. दोघे एकाच टेबलाशी चहा घेतात. मुलाच्या मोबाइलवर रात्रीच्या सामन्याचा गुणतक्ता अजून उघडाच असतो. वडिलांची नजर त्यावर पडते, आणि मुलगा तो उलटा करून ठेवतो.